दोनशे पानं झाली, अजून हातही धरला नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. पहिलीच कादंबरी. मुंबईत राहणारी, लग्नाला बारा-तेरा वर्षं झालेली एक स्त्री पांडवलेण्यांतल्या शिलालेखांच्या ओढीने पुन्हा पुन्हा नाशिकला येते. तिला लेणी दाखवणारा गाईड निफाडकडचा, घरची द्राक्षबाग असलेला. दोघं हळूहळू जवळ येतात. लेखिका विचारतात: ‘दोनशे पानं झाली, अजून दोघांनी एकमेकांचा हातही धरलेला नाही. मैत्रीण म्हणते, फार संथ आहे. वेग वाढवू का? आणि नायिका विवाहित आहे, तर वाचक तिला माफ करतील का?’ सोबत त्यांनी प्रकरणांचा गोषवारा आणि दोन प्रकरणं दिली आहेत.

मी बरीच वर्षं कथा-कादंबऱ्यांच्या हस्तलिखितांचं संपादन करते, राहते नाशिकमध्येच. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

वेग वाढवू नका. मैत्रिणीला कंटाळा आला हे खरं असणार, पण त्याचं कारण वेगळं आहे. तुमच्या गोषवाऱ्यात दुसरी, चौथी आणि पाचवी भेट एकसारखीच आहे: ती येते, तो दाखवतो, बोलणं होतं, नजरानजर होते, ती जाते. पाचव्या भेटीचं प्रकरण उचलून दुसरीच्या जागी ठेवून पाहा. कथेत काहीच बिघडत नसेल तर वाचक तिथेच पुस्तक मिटणार, मग त्या प्रकरणात तुम्ही मिठी घाला नाहीतर चुंबन. मंद आचेवरच्या प्रेमकथेत प्रत्येक भेटीनंतर एखादी गोष्ट अशी व्हायला हवी की ती परत घेता येऊ नये. ती कितीही बारीक असू दे, पण तिची किंमत दोघांपैकी कुणाला तरी मोजावी लागली पाहिजे.

यातलं काय तुमच्या कादंबरीला लागू पडेल, हे दोन-तीन गोष्टींवर ठरेल. कथा कोण सांगतंय? फक्त नायिकेच्या डोळ्यांनी पाहत असाल तर गाईडच्या मनातलं सगळं त्याच्या कामातूनच दाखवावं लागेल. पानं किती? दिवाळी अंकाच्या दीर्घकथेत एवढा ऐवज मावत नाही, कादंबरीत मावतो. आणि साल कोणतं? त्याकडे शेवटी येते, कारण त्याने तुमचं अर्धं कथानक बदलू शकतं.

हाल सातवाहनाच्या नावावर असलेल्या गाथासप्तशतीत एक गाथा आहे. वाटसरू ओंजळीने पाणी पितोय आणि एक बाई वरून पाणी ओततेय. तो डोळे वर करून तिच्याकडे बघत राहतो आणि बोटं फाकवतो, म्हणजे पाणी गळत राहील आणि पिणं लांबेल. तीही धार बारीक करते. एवढीच गाथा, दोन ओळींची. दोघं एकमेकांना काही म्हणत नाहीत, शिवत नाहीत. जे काम करायला उभे आहेत तेच काम करतात, फक्त दोघंही ते जरा लांबवतात, आणि समोरचाही लांबवतोय हे दोघांना कळतं. मला तुमच्या कादंबरीत हेच हवंय. गाईडचं काम दाखवणं, तिचं काम पाहणं. जे घडायचं ते या कामाच्या आत घडू द्या.

एक जागा तुमच्याकडे आहे आणि तुम्ही ती वाया घालवली आहे. लेणं क्रमांक १०, क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याने खोदवलेलं. तुम्ही तिथे उषवदाताच्या दानांची माहिती दीड पान दिली आहे. पण त्याच लेण्यात एका खोलीच्या दाराशी छोटासा लेख आहे, ती खोली दक्षमित्रेने दान दिल्याचा. नहपानाची मुलगी, उषवदाताची बायको अशी तिची ओळख दिली आहे, पण दान तिचं स्वतःचं आहे. येणाऱ्या-जाणाऱ्या मंडळींना गाईड लेणं क्रमांक ३ मधला गौतमी बलश्रीचा मोठा लेख दाखवतात, मुलाच्या, गौतमीपुत्र सातकर्णीच्या पराक्रमाचा. तो सगळ्यांना आवडतो. तुमच्या गाईडने हिला दक्षमित्रेचा लेख दाखवावा, न विचारता. ब्राह्मी अक्षरं समोरून टॉर्च मारला तर सपाट होतात, बाजूने तिरपा उजेड पाडला की उठून दिसतात. म्हणजे त्याला भिंतीला खेटून उभं राहावं लागेल, हात लांब करून टॉर्च धरावा लागेल, आणि ती एकेक अक्षर लावत वाचणार. वेळ लागणार. हात अवघडतो, तो टॉर्च दुसऱ्या हातात घेतो, पण उजेड हलू देत नाही. एवढंच लिहा. ‘मी कोणाची मुलगी, कोणाची बायको, आणि माझं स्वतःचं काय’ हा तिचा दीड पानांचा विचार पूर्ण काढून टाका. वाचकाने लेख वाचलाय, त्याला कळतं.

माहितीबद्दलच एक सांगते. लेणी चोवीस, डोंगराचं जुनं नाव त्रिरश्मी, हे सगळं तुम्ही निवेदनात दिलंय. ते त्याच्या तोंडी द्या, आणि तेही नेमक्या वेळी. ज्या क्षणी त्याला काही वेगळंच बोलायचंय आणि बोलता येत नाहीये, त्या क्षणी तो राजांची नावं आणि सनावळ्या सांगायला लागतो. दोन-तीनदा असं झालं की नायिकेलाही खूण पटेल. मग पुढे कधीतरी तो नुसता ‘हे चैत्यगृह’ म्हणून गप्प बसला तरी पान जिवंत राहील.

आता संबोधन. तुमचा गाईड पहिल्याच दिवशी तिला नावाने हाक मारतो. मुंबईच्या ऑफिसात चालतं ते, पांडवलेण्यांच्या पायऱ्यांवर नाही. इथला गाईड, पंचवटी दर्शन घडवणारा रिक्षावाला, रसवंतीवाला, सगळे एकट्या आलेल्या बाईला ‘ताई’ म्हणतात, फार तर ‘मॅडम’. ‘ताई’ म्हटलं की दोघांनाही मोकळं होता येतं, टपरीवर शेजारी बसून चहा घेता येतो, पाहणाऱ्याच्या मनात काही येत नाही. तेव्हा त्याला ‘ताई’ म्हणू द्या, शंभर पानं म्हणू द्या. मग एका दिवशी तो ते गाळतो. ‘ताई, इकडून या’ऐवजी नुसतं ‘इकडून या’. तिच्या लक्षात येतं, ती बोलत नाही. पुढच्या खेपेला त्याचा धाकटा भाऊ गाडी चालवायला सोबत आहे, आणि भावासमोर तो पुन्हा ‘ताई’ म्हणतो. आता दोघांमध्ये लपवण्यासारखं काहीतरी आहे, आणि ते अजून कुणी कबूलही केलेलं नाही. हे प्रकरण उचलून आधी ठेवता येणार नाही. ‘तुम्ही’वरून ‘तू’वर तर इतक्यात येऊच नका.

तसंच पैशांचं. तिसऱ्या भेटीपासून तो पैसे नाकारतो, असं तुम्ही लिहिलंय. फार लवकर झालं. गाईडने पैसे नाकारले त्या दिवशी सगळं बोलून झालं, आता शब्द उरले नाहीत. शिवाय तो शेतकऱ्याचा मुलगा आहे, दिवसाच्या मजुरीची किंमत त्याला कळते, ती सोडणं त्याला परवडतही नाही. त्याला पैसे घेऊ द्या. देणं मात्र तिला जड जाऊ द्या. आधी ती नोटा हातात देते, नंतर घडी करून पाकिटात घालून देते, नंतर गाडीच्या सीटवर ठेवून उतरते. कथा २०१६ नंतरची असेल तर यूपीआयचा पर्याय आहे, आणि तो फार उपयोगी पडेल. नवऱ्याबरोबरच्या जॉइंट खात्यातून पैसे गेले की स्टेटमेंटवर दर महिन्याला त्या गाईडचं नाव उमटणार. नवरा एका रविवारी सहज विचारतो, ‘हे नाशिकचे कोण गं? द्राक्षं मागवतेस का यांच्याकडून?’ ती ‘गाईड आहेत’ म्हणते. खरं तेच सांगते. आणि पुढच्या वेळी एटीएममधून पैसे काढून नेते. तिने नवऱ्यापासून लपवलेली ही पहिली गोष्ट, आणि तोवर घडलेलं काहीच नाही. ‘संथ’ म्हणणाऱ्या मैत्रिणीला हे प्रकरण वाचायला द्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तुमच्या दोनशे पानांत नायिकेला नवरा आहे, सासू आहे, मुलगी आहे, नोकरी आहे, अर्धवट राहिलेली पीएच.डी. आहे. गाईडकडे काय आहे? रापलेले हात, शांत डोळे आणि माहिती. ती नसते तेव्हा तो काय करतो हे तुमच्या कादंबरीत कुठेच नाही. माझ्या मते दोनशे पानं अडली आहेत ती इथे. त्याचं काही पणाला लागलेलंच नाही. खरं पाहिलं तर दोघांत जास्त धोका त्याला आहे. ती सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडून मुंबईला जाईल, तिथे कुणाला कशाचा पत्ता नाही. तो राहणार इथेच. त्याला लेण्यांच्या पायथ्याचा चहावाला ओळखतो, पार्किंगवाला ओळखतो. गावात विचारणा होणार, ‘ती एमएच शून्य एकची गाडी कोणाची रे? परत आली होती म्हणे.’ घरात लग्नाची बहीण असेल तर हीच विचारणा सोयरिकीपर्यंत पोचणार.

त्याची बाग तुम्ही नावापुरती ठेवली आहे, ती नीट वापरा. निफाडकडची बाग म्हणजे काय, हे इथल्या वाचकाला माहीत आहे आणि बाहेरच्याला जाणून घ्यायला आवडेल. ऑक्टोबरची छाटणी झाली की पुढचे साधारण चार महिने माणूस बागेचा असतो. फुटी निघाल्या की विरळणी, फुलोऱ्यात पाऊस आला की डावणी रोगाची धास्ती, मग घडांचं डिपिंग, म्हणजे एकेक घड द्रावणात बुडवून काढणं. डिपिंगच्या दिवसांत मजूर मिळाले तर त्यांच्यामागे उभं राहावं लागतं, मिळाले नाहीत तर घरच्या सगळ्यांनी जीएच्या (जिबरेलिक ॲसिड या संजीवकाच्या) द्रावणाचे मग घेऊन ओळीत शिरायचं. डिसेंबर-जानेवारीत राज्यातलं सगळ्यात कमी तापमान अनेकदा निफाडलाच नोंदवलं जातं. पारा फार उतरला की मणी तडकतात. मग रात्री बागेत शेकोट्या पेटवायच्या, ठिबकचं पाणी सोडायचं, पहाटेपर्यंत जागायचं. माल तयार झाला की व्यापाऱ्याची वाट, दराची घासाघीस, आणि माल नेऊन पैसे बुडवणाऱ्याची भीती वेगळीच. अवकाळी किंवा गारा आल्या तर वर्षाचं सगळं एका दुपारी जातं. असा माणूस गाईडचं काम का करतो, याचं उत्तरही त्यातच सापडेल.

यातून तुमच्या संथपणाला कारण मिळतं. भेट होत नाही, कारण त्याला खरंच येता येत नाही. तेव्हा एक प्रकरण असं लिहा: ती शनिवारी आली आहे आणि तो नाही. डिपिंग चाललंय. त्याने दुसऱ्या गाईडला पाठवलंय. हा दुसरा चांगला आहे, चुकीचं काही सांगत नाही, तीच लेणी, तेच लेख, तेच राजे. ती ऐकतेय आणि तिला समजतंय की आजवर ऐकलेल्या माहितीतलं किती माहिती होतं आणि किती तो होता. दक्षमित्रेच्या खोलीशी हा दुसरा थांबतच नाही. तीही ‘थांबा’ म्हणत नाही. तुमच्या कादंबरीत नायक नसलेलं हेच प्रकरण सगळ्यात जास्त प्रेमाचं ठरेल, असं मला मनापासून वाटतं.

त्र्यंबकच्या लॉजमधल्या पावसाळी रात्रीचं प्रकरण मात्र काढा. पूर, अडकलेली गाडी, एकच खोली, हे खूप झालंय, पण माझी हरकत नाशिकची आहे. इथे पाणी न सांगता येत नाही. गंगापूर धरणातून विसर्ग वाढवणार असले की आधी सूचना येते, व्हॉट्सॲपवर फिरते, आणि माणसं गोदावरीकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी आलंय यावरून पुराचा अंदाज बांधतात. गुडघ्याला, कमरेला, छातीला. असा इथला मुरलेला गाईड बाईला घेऊन पावसात अडकला, तर नाशिकचा वाचक लगेच म्हणेल, याला माहीत होतं, मुद्दाम अडकवलंय. आणि मग तो माणूस वाचकाच्या मनातून उतरला. उलट करून पाहा. दोघं बाहेर आहेत, दिवस छान चाललाय, तिला आज थांबायचंय, त्यालाही ती थांबायला हवीय, आणि त्याच्या फोनवर विसर्गाचा मेसेज येतो. तो वाचतो. सांगायला त्याला किती वेळ लागतो, तेवढाच तुमचा प्रसंग. शेवटी सांगतो, ‘आत्ता निघालात तर अंधाराच्या आत कसाऱ्यापलीकडे असाल.’

नवऱ्याबद्दल. तुम्ही त्याला कोरडा, कामात बुडालेला, जेवताना मोबाईल पाहणारा असा केला आहे. नायिकेला माफी मिळावी म्हणून केलंय हे उघड दिसतं, आणि तिथेच नायिका लहान होते. वाईट नवऱ्यापासून दूर जाणाऱ्या बाईची गोष्ट वेगळी, ती लिहायची तर सरळ तीच लिहा. या कथेत नवरा चांगला असू द्या. तिच्या शिलालेखांच्या नादाचं त्याला कौतुक असू द्या. पहाटे उठून तिला स्टेशनवर सोडायला तोच येऊ द्या.

त्याला नाशिकमध्ये आणण्याचा एक मार्ग सुचवते. रामकुंडावर तीर्थोपाध्यायांकडे नामावळीच्या वह्या असतात, घराण्यांप्रमाणे, गावांप्रमाणे. कोण कधी आलं, कोणाचे दिवस करायला आलं, सोबत कोण होतं, खाली सही. सासूने सांगितलंय म्हणून ती आपल्या घराण्याचं पान पाहायला जाते, गाईड वाट दाखवायला सोबत. गुरुजी आडनाव विचारतात, गाव विचारतात, वही काढतात, पानं उलटतात. आजेसासऱ्यांची मोडीतली सही निघते. मग सासऱ्यांची. मग, तिला माहीतच नव्हतं, नवऱ्याची: आजीच्या अस्थी घेऊन आला होता तेव्हाची, कॉलेजात असतानाची, अजून न बसलेली सही. गुरुजी पेन पुढे करतात, ‘आलाच आहात तर तुमचंही नाव घालू.’ आणि गाईडकडे पाहून विचारतात, ‘हे कोण?’ तो म्हणतो, ‘मी गाईड आहे.’ आणि चपला घालून बाहेर जाऊन उभा राहतो. ती सही करते की नाही, हे तुम्ही ठरवा. पण जे ठरवाल ते पुढच्या शंभर पानांना पुरेल.

आता साल. भारतीय दंडसंहितेचं कलम ४९७ सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१८ रोजी रद्द केलं. त्याआधी विवाहित स्त्रीशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषावर तिचा नवरा फौजदारी तक्रार करू शकत होता, शिक्षा पाच वर्षांपर्यंत. त्या कलमाखाली स्त्रीला शिक्षा नव्हती. आज तो गुन्हा नाही, मात्र हिंदू विवाह कायद्यात घटस्फोटाचं कारण आहे. तुम्ही पार्श्वभूमीला २०१५ चा सिंहस्थ घेतलाय आणि वकील मैत्रिणीच्या तोंडी ‘आता काही गुन्हा नाही’ असं वाक्य घातलंय. ते बसत नाही. साल तेच ठेवणार असाल तर तुरुंगाची टांगती तलवार गाईडच्या डोक्यावर आहे, आणि तिच्या डोक्यावर नाही. हे तिला उशिरा कळलं आणि त्याला आधीपासून माहीत होतं, तर त्याच्या आजवरच्या प्रत्येक गप्प बसण्याचा अर्थ बदलतो. मी असते तर २०१५ च ठेवलं असतं. मग यूपीआयचा प्रसंग जाईल, त्याची हळहळ वाटते, पण नोटांचं पाकीट तुमच्याकडे आहेच, आणि नवऱ्याचा तो रविवारचा प्रश्न तिच्या पर्समध्ये सापडलेल्या एखाद्या पावतीवरूनही विचारता येईल.

माफीचं. विवाहित नायिकेला वाचक सोडून जातात तेव्हा तिने काय केलं यापेक्षा लेखकाने तिची वकिली केली, हे कारण मला जास्त वेळा दिसलंय. तिला कळू द्या ती काय करतेय. एटीएममधून पैसे काढताना तिला स्वतःची लाज वाटू द्या आणि तरी ते काढू द्या. ती त्याच्याकडे राहील, नवऱ्याकडे परतेल की दोन्ही सोडेल, हे मी सांगणार नाही. ते तुमच्या नायिकेच्या स्वभावावर आहे, आणि मी तिची चाळीसच पानं वाचली आहेत. एवढं मात्र नक्की सांगते की शेवट कोणताही असो, गाईडला पुढच्या छाटणीला बागेत उभं राहायचं आहे आणि गावात वावरायचं आहे. त्याचं काय झालं ते लिहिल्याशिवाय कादंबरी संपवू नका.

लगेच सगळी दोनशे पानं उसवायला घेऊ नका. आधी तो नसलेला शनिवार लिहा, मग नामावळीचं प्रकरण. ही दोन उभी राहिली की मागे जाऊन पहिल्या भेटीत ‘ताई’ घाला आणि पुढे येत येत ते कुठे गळतंय ते पाहा. बाग पाहायची असेल तर ऑक्टोबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंत या, निफाडकडे किंवा पिंपळगावकडे कुणाच्याही बांधावर उभं राहून विचारलंत तर लोक आपणहून दाखवतात. हात कधी धरायचा हा प्रश्न तोवर बाजूला ठेवा.